आभासी यंत्राला वाचा

एका संगणकाच्या पोटात दुसरा संगणक नांदवावा, त्याला त्याची म्हणून वेगळी स्मृती, वेगळी डिस्क आणि वेगळी कार्यप्रणाली तोडून द्यावी, आणि गरज सरताच त्याचे सारे बिऱ्हाड एका फोल्डरमध्ये मिटून ठेवावे, ही कल्पना आता इतकी अंगवळणी पडली आहे की संगणकशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही तिचे नवल उरलेले नाही. आयबीएम कंपनीच्या अमेरिकेतील केंब्रिज येथील केंद्रात १९६० च्या दशकात ती आकाराला आली, १९७२ मध्ये व्हीएम/३७० या नावाने ग्राहकांच्या हाती गेली, पुढे दीर्घकाळ मोठ्या यंत्रांच्या वातानुकूलित दालनांतच राहिली, आणि १९९९ मध्ये व्हीएमवेअर वर्कस्टेशन निघाल्यावर सामान्य माणसाच्या मेजावर उतरली. या आभासी यंत्रांमुळे, म्हणजे लोकव्यवहारातल्या व्हर्च्युअल मशीनांमुळे, सर्व्हरांची संख्या कशी घटली आणि पैसा कसा वाचला याचा तपशील हवा तितका मिळतो. ज्याला पडदा दिसतच नाही अशा माणसाच्या हाती ही वस्तू पडली तर तिचे काय होते, हा प्रश्न मात्र त्या दफ्तरात क्वचितच नोंदलेला आढळतो.

वास्तविक या वस्तूची निकड डोळस माणसापेक्षा अंध माणसालाच अधिक आहे. त्याचा संगणकाशी चालणारा सारा व्यवहार स्क्रीन रीडर नावाच्या एका कार्यक्रमाच्या आणि त्या कार्यक्रमाला आवाज देणाऱ्या ध्वनियंत्रणेच्या जामिनावर उभा असतो. ध्वनीचा ड्रायव्हर बिघडला, कार्यप्रणालीचे अद्ययावतीकरण अर्धवट झाले किंवा स्क्रीन रीडरची नवी आवृत्ती नीट बसली नाही, तर डोळस माणसाचे गाणे बंद पडते आणि अंध माणसाचा पडदाच नाहीसा होतो. आणि दुरुस्तीसाठी लागणारे साधनच हरवल्यामुळे दुरुस्ती स्वतः करण्याची वाटही त्याच क्षणी बंद होते. अशा माणसाने नवे काही आजमावून पाहायचे तर ते आपल्या एकुलत्या एका बोलत्या यंत्रावर पाहू नये, हे उघड आहे. आभासी यंत्रात तो निर्धास्तपणे हवे ते बसवू शकतो, आधी ‘स्नॅपशॉट’ घेऊन ठेवू शकतो, आणि यंत्र मुके झालेच तर चार कळा दाबून त्याला पूर्वस्थितीत आणू शकतो. शिवाय ज्याला विंडोजवरून लिनक्स शिकायचे आहे, ज्याची उपजीविका सर्व्हर सांभाळण्यावर आहे, किंवा आपले संकेतस्थळ निरनिराळ्या स्क्रीन रीडरांत कसे उमटते हे ज्याला तपासायचे आहे, त्यालाही याच वाटेने जावे लागते.

अडचण कोठे येते हे समजण्यासाठी स्क्रीन रीडर वाचतो कसा, याचा थोडा खुलासा केला पाहिजे. त्याच्या नावावरून तो पडद्याकडे पाहत असावा असा ग्रह होतो, परंतु तसे नाही. प्रत्येक सुव्यवस्थित कार्यक्रम आपल्या कार्यप्रणालीजवळ एक कैफियत दाखल करीत असतो: येथे एक बटण आहे, त्याचे नाव अमुक, ही चौकट निवडलेली आहे, ही यादी बारा नोंदींची असून सध्या तिसरीवर लक्ष आहे. विंडोजमध्ये १९९७ पासून मायक्रोसॉफ्ट ॲक्टिव्ह ॲक्सेसिबिलिटी आणि नंतर यूआय ऑटोमेशन या व्यवस्थांतून, व लिनक्सवर एटी-एसपीआय या व्यवस्थेतून ही कैफियत उपलब्ध होते, आणि एनव्हीडीए, जॉज, नॅरेटर किंवा ऑर्का हे स्क्रीन रीडर तीच वाचून दाखवतात. आता आभासी यंत्रातील पाहुणा संगणक आपली कैफियत दाखल करतो ती स्वतःच्या कार्यप्रणालीपाशी. यजमान संगणकाकडे सरहद्द ओलांडून पोहोचते ते केवळ रंगीत ठिपक्यांचे एक चित्र. यजमानाचा स्क्रीन रीडर त्या खिडकीवर आला की खिडकीचे नाव सांगतो आणि गप्प बसतो, कारण तसबिरीतल्या माणसाला कितीही हाका मारल्या तरी त्याने ओ देण्याची सोय नसते. या विषयातील बहुतेक सर्व खटपटी, युक्त्या आणि तक्रारी या एकाच गोष्टीतून उगवलेल्या आहेत की हद्दीवर चित्राला प्रवेश आहे आणि मजकुराला नाही.

यावरचा रूढ उपाय म्हणजे पाहुण्याला त्याचा स्वतःचा स्क्रीन रीडर देणे आणि त्याचा आवाज आभासी ध्वनिपट्टीतून, म्हणजे साउंड कार्डातून, यजमानाच्या कर्ण्यापर्यंत आणणे. ऐकायला हे सोपे वाटते. परंतु आभासी साउंड कार्ड हे कोणत्या तरी खऱ्या कार्डाचे सोंग असते, आणि पाहुण्या कार्यप्रणालीजवळ त्या सोंगाचा ड्रायव्हर असला तरच वाचा फुटते. व्हीएमवेअर पूर्वी एन्सॉनिक कंपनीच्या एका जुन्या कार्डाची नक्कल करीत असे. व्हिस्टाच्या काळापासून ६४-बिट विंडोजने त्या कार्डाची ओळख सोडली, तेव्हा यंत्राच्या व्हीएमएक्स या साध्या मजकूर-फाइलीत एक ओळ बदलून ‘एचडी ऑडिओ’ नेमावे लागे, आणि ती एक ओळ हेच मुके आणि बोलते यांतील अंतर ठरे. आवाज आल्यावरही त्याची गती हा निराळाच प्रश्न राहतो. संगीत पाव सेकंद उशिरा वाजले तर कोणाचे बिघडत नाही. कळ दाबल्यावर तिचे अक्षर पाव सेकंद उशिरा कानी पडू लागले तर टंकलेखन अशक्यप्राय होते, आणि दुप्पट-तिप्पट वेगाने ऐकण्याची सवय असलेल्या कानाला अडखळत येणाऱ्या ध्वनीत शब्दांच्या शेपट्या गिळल्या गेल्याचे लगेच जाणवते. पाहुण्याला प्रोसेसरचे किमान दोन गाभे आणि पुरेशी स्मृती द्यावी, त्याच्या पडद्यावरील शोभेची चलचित्रे बंद करावीत, आणि वाणीसाठी ईस्पीक एनजीसारखा हलका कृत्रिम आवाज पत्करावा, हा अनुभवी मंडळींचा सल्ला येथे रास्त आहे. ईस्पीक एनजीमध्ये मराठीही आहे, आणि एनव्हीडीए त्याला आपल्याबरोबरच घेऊन येत असल्यामुळे नव्या पाहुण्यावर पहिल्या दिवसापासून मराठी मजकूर वाचून घेता येतो. उच्चार यांत्रिक आहेत हे खरे, पण मधुर आवाज उशिरा येण्यापेक्षा खरखरीत आवाज वेळेवर आलेला बरा, अशी माझी तरी धारणा आहे.

मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्ही या व्यवस्थेत तर साउंड कार्डाचे सोंगही नाही. तेथे ध्वनी येतो तो ‘एन्हान्स्ड सेशन’ नावाच्या मार्गाने, आणि हा मार्ग मुळात रिमोट डेस्कटॉपचाच असल्यामुळे पाहुण्यावर कार्यप्रणाली बसून सत्र सुरू होईपर्यंत तो उघडत नाही. परिणामी जी वेळ सर्वांत कसोटीची, म्हणजे स्थापनेची, नेमक्या त्याच वेळी हायपर-व्हीचा पाहुणा ठार मुका असतो. विंडोजच्या व्यावसायिक आवृत्तीत फुकट मिळणारी आणि अन्य बाबतींत भक्कम असलेली ही व्यवस्था अंध नवशिक्याला सहसा सुचवली जात नाही, याचे हे कारण पुरेसे आहे.

ध्वनीचा निकाल लागला की कळांचा तंटा उभा राहतो. यजमानाचा आणि पाहुण्याचा असे दोन स्क्रीन रीडर एकाच कळफलकावर हक्क सांगतात, आणि दोघांनाही हुकुमाची कळ म्हणून इन्सर्ट किंवा कॅप्स लॉकच हवी असते. यजमानाने ती मधल्यामध्ये अडवली तर पाहुण्यापर्यंत काहीच पोहोचत नाही, आणि दोघांनीही ती घेतली तर दोन वाणी एकमेकींवर चढून बोलू लागतात. एनव्हीडीएने यासाठी निद्रावस्थेची तजवीज केलेली आहे: आभासी यंत्राच्या खिडकीत असताना एनव्हीडीएची कळ, शिफ्ट आणि एस एकदम दाबले की यजमानाचा एनव्हीडीए त्या खिडकीपुरता झोपी जातो आणि तिच्याबाहेर पाऊल पडताच जागा होतो. बाहेर पडण्याची कळ मात्र प्रत्येक दरबारात निराळी आहे. व्हर्च्युअलबॉक्समध्ये उजवे कंट्रोल, व्हीएमवेअरमध्ये कंट्रोल-आल्ट, हायपर-व्हीमध्ये कंट्रोल-आल्ट आणि डावा बाण. आणि जो ती विसरला तो पाहुण्याच्या घरात कोंडला गेला म्हणून समजावे. आपण या क्षणी कोणत्या यंत्रात आहोत हे डोळस माणसाला खिडकीच्या कडेवरून कळते. कानाला ते कळावे म्हणून दोन्ही स्क्रीन रीडरांना वेगवेगळे आवाज नेमून द्यावेत, ही युक्ती अगदी साधी असूनही तिच्याइतका मनस्ताप दुसऱ्या कशाने वाचत नाही. मॅकवर विंडोज चालवणाऱ्याची गत याहून बिकट असते, कारण ॲपलच्या लॅपटॉपवर इन्सर्ट कळच नाही, कॅप्स लॉक ही कळ यजमान यंत्र दाबून धरायची कळ म्हणून वागू देत नाही, आणि ॲपलचा स्क्रीन रीडर व्हॉइसओव्हर स्वतः कंट्रोल-ऑप्शनच्या जोडीवर बसलेला असतो. कॅराबिनर-एलिमेंट्ससारख्या साधनाने एखादी निरुपयोगी कळ इन्सर्ट म्हणून नेमून घेतल्याखेरीज तेथे काम चालत नाही. २०२० मध्ये ॲपलने आपली प्रोसेसरची जात बदलल्यापासून त्या यंत्रांवर एआरएम जातीचे विंडोजच सुखाने नांदते, जुन्या इंटेल जातीच्या विंडोजला केवळ संथ अनुकरणाचा आसरा उरतो, हेही जाता जाता नोंदवून ठेवतो.

आता स्थापनेकडे वळू. कारण स्वावलंबनाची खरी परीक्षा तेथेच होते. खरा संगणक सुरू होताना जो बायोस किंवा यूईएफआयचा पडदा येतो, त्याला वाणी नाही आणि ती द्यावी असे यंत्रे बनवणाऱ्यांना फारसे वाटलेलेही दिसत नाही. त्यानंतरच्या टप्प्यांत मात्र गेल्या दोन दशकांत बरीच सुधारणा झाली. डेबियन लिनक्सच्या स्थापनेत सुरुवातीची यादी आली की बीप वाजतो, त्यावर एस आणि एंटर दाबले की स्पीकअप हा लिनक्सच्या गाभ्यातला स्क्रीन रीडर बोलू लागतो. उबुंटूमध्ये आल्ट, सुपर आणि एस या कळांनी ऑर्का जागा होतो. आणि २०१७ च्या विंडोज १० पासून स्थापनेच्या पडद्यावरच विंडोज-कंट्रोल-एंटर दाबून नॅरेटर सुरू करता येतो, अर्थात साउंड कार्डाचे सोंग त्या टप्प्याला ओळखता आले तरच. ज्याला हेही नको, त्याच्यासाठी प्रश्नांची उत्तरे आगाऊ लिहून देण्याचा मार्ग आहे: विंडोजची उत्तरपत्रिका एका फाइलीत तयार ठेवावी, किंवा व्हर्च्युअलबॉक्सच्या ५.२ या २०१७ च्या आवृत्तीपासून मिळणारी विनादेखरेख स्थापना वापरावी, आणि चहा पिऊन येईपर्यंत यंत्र आपोआप सिद्ध व्हावे.

येथे एका गोष्टीकडे लक्ष वेधावेसे वाटते, कारण ती तक्रारींच्या गदारोळात नजरेआड होते. खऱ्या यंत्राच्या बायोसपुढे अंध माणूस पूर्णपणे परावलंबी असतो. त्याला शेजारच्या डोळस माणसाला बोलवावे लागते किंवा पडद्यासमोर फोनचा कॅमेरा धरावा लागतो. आभासी यंत्राचा बायोस हा मात्र यजमानाच्याच पडद्यावरील एका खिडकीतले चित्र असतो, आणि यजमान तर बोलतो आहे. एनव्हीडीएच्या २०१७.३ या आवृत्तीपासून एनव्हीडीएची कळ आणि आर दाबून अशा चित्रातील अक्षरे ओळखून घेता येतात, जॉजमध्ये तशी सोय त्याही आधीपासून आहे. ओळख अचूक नसते, ठळक केलेली ओळ कोणती हे कळत नाही, परंतु ‘डिस्क सापडली नाही’ एवढा निरोप समजला तरी निम्मी लढाई जिंकली जाते. त्याहून मोठी गोष्ट ही की बायोसमध्ये शिरण्याची गरजच बहुधा पडत नाही. प्रथम डिस्क पाहावी की सीडी, स्मृती किती, जाळ्याचे कार्ड कोणते, हे सारे हुकूम आभासी यंत्राच्या बाबतीत बाहेरच्या मजकूर-फाइलीत किंवा आज्ञेत लिहिता येतात. लोखंडाच्या यंत्रावर जे कधीच हाती लागले नसते, ते येथे संपादकात उघडून, वाचून, दुरुस्त करून ठेवता येते. आभासी यंत्र अंध माणसाला अडचणीचे आहे, हे विधान म्हणूनच मला अर्धेच खरे वाटते. खिडकीच्या बाजूने गेले तर ते खऱ्या यंत्रापेक्षा अवघड आहे, आणि मजकुराच्या बाजूने गेले तर खऱ्या यंत्रापेक्षा कितीतरी सोपे.

ही कसोटी लावली की निरनिराळ्या कार्यक्रमांची प्रतवारीही बदलते. सामान्यतः चर्चा होते ती त्यांच्या मेनूंची आणि संवादचौकटींची. व्हर्च्युअलबॉक्सचा दर्शनी भाग क्यूटी या चौकटीत बांधलेला असून स्क्रीन रीडरपुढे तो अनेक वर्षे अडखळतच बोलत होता. व्हीएमवेअर वर्कस्टेशनचे मेनू बऱ्यापैकी वाचले जातात आणि नोव्हेंबर २०२४ पासून तो सर्वांना विनामूल्य झाला आहे. लिनक्सवरील व्हर्ट-मॅनेजर जीटीकेत असल्यामुळे ऑर्काशी त्याचे जमते. हे सर्व उपयुक्त असले तरी दुय्यम आहे. व्हर्च्युअलबॉक्सबरोबर व्हीबॉक्समॅनेज नावाचा आज्ञाकार्यक्रम येतो, ज्याने यंत्र निर्माण करता येते, खिडकीविना सुरू करता येते, त्याच्या पडद्याचे चित्र फाइलीत काढता येते, इतकेच नव्हे तर त्याच्या कळफलकावर बाहेरून मजकूरही टंकता येतो. हायपर-व्हीचा सारा कारभार पॉवरशेलमधून हाकता येतो, आणि विंडोज १० पासून ‘पॉवरशेल डायरेक्ट’च्या द्वारे जाळ्याचीही गरज न ठेवता विंडोज पाहुण्याच्या आत शिरून आज्ञा देता येतात, म्हणजे ध्वनीच्या बाबतीत नापास झालेली हीच व्यवस्था मजकुराच्या बाबतीत वरच्या वर्गात बसते. फाब्रीस बेलार यांनी २००३ मध्ये सुरू केलेला क्यूईएमयू, आणि २००७ पासून लिनक्सच्या गाभ्यात असलेल्या केव्हीएमशी झालेली त्याची जोडी, यांची तर तऱ्हाच निराळी. त्याला चित्र दाखवू नको असे एका शब्दात सांगता येते, आणि पाहुण्या लिनक्सला आपले बोलणे सीरियल पोर्टावर पाठवण्याचा हुकूम दिला की गाभा जागा होतानाच्या पहिल्या ओळीपासून लॉगिनपर्यंत सर्व काही यजमानाच्या टर्मिनलमध्ये शुद्ध मजकूर म्हणून उतरते. पाहुण्याला ना साउंड कार्ड लागते, ना स्क्रीन रीडर.

मजकुराला असा मान देण्याची परंपरा अंध संगणकतज्ज्ञांत जुनी आहे, आणि तिच्यातील एक अग्रगण्य नाव आपल्या पुण्याशी निगडित आहे. टी. व्ही. रामन पुण्यात वाढले, चौदाव्या वर्षी काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली, पुणे विद्यापीठात गणित आणि मुंबईच्या आयआयटीत संगणकशास्त्र शिकून ते अमेरिकेत कॉर्नेलला गेले, आणि १९९५ मध्ये त्यांनी ईमॅक्स या मजकूर-संपादकाला वाचा देणारा ईमॅकस्पीक प्रसिद्ध केला. पडद्यावर काय रंगवले आहे ते वाचण्याऐवजी मजकुराचा अर्थ ज्याला ठाऊक आहे त्या कार्यक्रमानेच बोलावे, हे त्यामागील तत्त्व. ईमॅक्सच्या आतून एसएसएचने दूरच्या वा आभासी लिनक्सवर काम करणाऱ्याला पाहुणा कोठे संपतो आणि यजमान कोठे सुरू होतो याची जाणीवही ठेवावी लागत नाही. विंडोजमधील लिनक्सची डब्ल्यूएसएल ही उपप्रणालीही २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून आतून एक आभासी यंत्रच आहे. पण ती टर्मिनलमध्ये मजकूर देत असल्यामुळे, आपण आभासी यंत्र चालवत आहोत हे ती वापरणाऱ्या कित्येक अंध मंडळींच्या गावीही नसते.

परंतु चित्रमय विंडोज पाहुणा लागतोच अशी कामे उरतात, आणि त्यांसाठी अलीकडे जो उपाय पुढे आला तोही मजकुराचाच आहे. २०१५ मध्ये निघालेल्या एनव्हीडीए रिमोट या पुरवणीने पाहुण्यातील एनव्हीडीए जे बोलणार ते शब्द जाळ्यातून यजमानातील एनव्हीडीएकडे पाठवले, आणि बोलण्याचे काम यजमानाच्या आवाजावर सोपवले, २०२५.१ या आवृत्तीत ही सोय एनव्हीडीएच्या अंगभूत झाली. ध्वनी ओढून आणण्याऐवजी शब्द आणल्यामुळे अडखळणे थांबते, आभासी साउंड कार्डाचा प्रश्नच मिटतो, आणि ब्रेलपट्टीवरही तेच शब्द उमटतात. मात्र पाहुणा उभा राहून त्याचे जाळे चालू होईपर्यंत याचा उपयोग नाही.

ब्रेलपट्टीची गोष्ट थोडक्यात सांगतो. ती यूएसबीने पाहुण्याला जोडून देता येते, पण मग यजमानाचा तिच्यावरील ताबा सुटतो, आणि बहिऱ्या-अंध वापरकर्त्याच्या बाबतीत याचा अर्थ यजमान पूर्णपणे हरवला असा होतो. क्यूईएमयूमध्ये साम्युएल तिबो यांनी २००८ मध्ये याचा फार सुंदर बंदोबस्त करून ठेवला आहे: पाहुण्याला एक आभासी ब्रेलपट्टीच दिली जाते, आणि तिच्यावरील अक्षरे यजमानातील बीआरएलटीटीवाय या ब्रेल-कार्यक्रमाच्या मार्फत खऱ्या पट्टीवर येतात. एका पट्टीवर दोन्ही यंत्रांचा असा समेट इतर कोणत्या व्यवस्थेत इतक्या नेटकेपणाने झालेला माझ्या पाहण्यात नाही.

घरच्या यंत्रावर मालक आपणच असल्यामुळे या सर्व वाटांतून मनाजोगी निवड करता येते. शिक्षणक्रम, प्रमाणपत्र-परीक्षा आणि नोकरीतील प्रशिक्षणे यांत ती निवड दुसऱ्याच कोणी केलेली असते. तेथील प्रयोगशाळांतली आभासी यंत्रे ब्राउझरच्या पानात दिसतात. पानातील तो चौकोन म्हणजे पुन्हा ठिपक्यांचे चित्र, आणि त्यामागे बहुधा जो व्हीएनसीचा संकेत असतो त्याच्या मूळ रचनेत ध्वनीला स्थानच नाही, म्हणजे पाहुण्यात स्क्रीन रीडर बसवला तरी तो ऐकू यायचा नाही. ज्याला लिनक्सचा सर्व्हर आज्ञांनी उत्तम सांभाळता येतो असा उमेदवारही या चौकोनापुढे निरुपाय होतो, आणि दोष त्याच्या कौशल्याच्या खाती मांडला जातो. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या आपल्या २०१६ च्या कायद्याचे ४२ वे कलम माहिती-तंत्रज्ञानाच्या सुगम्यतेबद्दलच आहे, परंतु अशा प्रयोगशाळांचे करार करणाऱ्यांच्या मसुद्यात त्याचे प्रतिबिंब उमटलेले सहसा दिसत नाही. मागणी तरी फार मोठी नाही. लिनक्सच्या प्रत्येक पाहुण्याला ब्राउझरच्या चौकोनाखेरीज एसएसएचची किंवा सीरियल कन्सोलची वाट असावी; विंडोजच्या पाहुण्यात एनव्हीडीए आधीच बसवलेला असावा, आणि एक तर रिमोट डेस्कटॉपने त्याचा ध्वनी मिळावा, नाही तर त्याचे शब्द बाहेर येण्यासाठी लागणारे बंदर, म्हणजे पोर्ट, जाळ्याच्या पहाऱ्यातून मोकळे सोडलेले असावे. या दोन कलमांना पुरवठादाराचा खर्च जवळजवळ काहीच येत नाही, आणि ती करारावर सही होण्यापूर्वी घालावी लागतात, कारण परीक्षेच्या दिवशी पर्यवेक्षकाकडे अर्ज करून बंदर उघडून घेता येत नाही.